सुलतान पाणी पीत नाही

"कुत्रं जिवंत आहे का?"

परळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. दंडाला गुंडाळलेला टॉवेल रक्ताने चिकटला होता, तो अजून कोणी सोडलाही नव्हता. मला रागच आला. म्हटलं, "समोर माणूस बसलाय, तो जिवंत आहे का ते बघा की आधी."

डॉक्टर तरुण होते, पण चिडले नाहीत. म्हणाले, "सावंत, तुमचं सगळं त्या कुत्र्यावर आहे. दहा दिवस ते धडधाकट राहिलं तर तुम्हांला काही नाही. मधेच आजारी पडलं किंवा मेलं, तर चौदाच्या चौदा सुया पोटात घ्यायच्या आणि वाट बघायची."

"आणि कोणी मारलं तर?"

"तर डोकं तपासू. पण त्यात काही सापडलं नाही म्हणून मी तुम्हांला बिनधास्त घरी जा म्हणणार नाही. तेव्हाही वाटच बघायची."

"किती दिवस?"

"महिने," ते म्हणाले आणि टॉवेल सोडायला लागले.

मी काही लिहिणारा माणूस नाही, गिरणीचा वॉचमन आहे. पण त्या दवाखान्याच्या ओळीत दहा सकाळी उभा राहिलो आणि बघितलं, तिथं प्रत्येक जण एकटाच घाबरतो. बाजूच्याला कोणी काही सांगत नाही. उद्या तुमच्यावर ही पाळी आली तर निदान एकाचं तरी ऐकलेलं असावं, म्हणून हे लिहितोय.

सुलतान

लढाईच्या दिवसांत मी फौजेत होतो. दारूगोळ्याच्या कोठारावर पहाऱ्याची कुत्री असत. त्यांना शिकवणाऱ्या एका गोऱ्या सार्जंटच्या हाताखाली मी तीन वर्षं काढली. पुढे गिरणीत कापसाच्या गोदामावर चोऱ्या वाढल्या तेव्हा आमच्या साहेबाने अल्सेशियनचं पिल्लू आणलं आणि माझ्या हवाली केलं. तो सुलतान.

त्याला मी जे शिकवलं ते एवढंच. उगाच भुंकायचं नाही. फाटकातून येईल त्याला हात लावायचा नाही. भिंतीवरून उतरेल त्याचा दंड धरायचा, फाडायचा नाही, आणि मी 'सोड' म्हटलं की त्या क्षणी सोडायचा. परक्याच्या हातचा घास घ्यायचा नाही, कारण चोर आधी विषाचा गोळा टाकतात आणि मग भिंत चढतात. दोन वर्षांत त्याने चार जण धरले. एकाच्याही हाताचं मांस निघालं नाही. साहेब पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला आणायचा. आम्ही चार वॉचमन होतो, चौघेही कधी ना कधी डुलकी काढायचो. सुलतान नाही. त्याला सोडून गावाला कसं जायचं म्हणून दोन वर्षांत मी एक दिवस रजा घेतली नव्हती, आणि याचा मला भारी अभिमान होता.

खाकी कोट

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. आमच्या डिलाईल रोडच्या चाळीतून रोज कोणी ना कोणी मोर्चाला जायचं. मुंबई आमची म्हणून मीही घसा बसेपर्यंत ओरडलोय. पण नोकरी नोकरीच्या जागी. त्या आठवड्यात संचारबंदी लागली होती आणि रस्त्यावर खाकी दिसली की वरच्या गॅलऱ्यांतून दगड आणि सोड्याच्या बाटल्या यायच्या. गिरणीच्या वॉचमनचा कोटही खाकीच. कोट पोलिसाचा की वॉचमनचा, हे वरून कोण बघत बसतो? माझ्यासारख्या दोघातिघांची डोकी फुटली होती.

म्हणून मी कोट पिशवीत घातला, पांढरा सदरा चढवला, डोक्याला टॉवेल बांधला आणि सकाळी निघालो. मोठ्या फाटकासमोर पोलिसांची गाडी. संचारबंदीचा पास माझ्याकडे नव्हता. मागच्या गल्लीत गेलो आणि गोदामाच्या बाजूने भिंत चढलो. गल्लीच्या तोंडाशी दोन शिपाई होते, त्यामुळे सुलतानला हाक मारायची सोय नव्हती.

आता विचार करा. अंगावर खाकी नाही. तोंडातून आवाज नाही. येतोय भिंतीवरून. ज्याच्यासाठी मी त्याला दोन वर्षं तयार केलं होतं, अगदी तसाच माणूस होऊन मी त्याच्या पुढ्यात उतरलो.

पाय टेकतो न टेकतो तोच त्याने दंड धरला. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही. मी घाबरून हात ओढला. धरलेला हात ओढायचा नाही, हे दुसऱ्यांना मीच बजावतो. दात आत गेले. मग 'सोड' म्हटलं आणि त्याने सोडलं. मला हुंगलं, कान पाडले आणि पोटावर सरपटत मागे सरला.

तोपर्यंत मला भीती वाटली नव्हती. लाज वाटली होती. तेवढ्यात भिकाजी धावत आला. हा माझ्याबरोबरचा वॉचमन. रक्त बघून म्हणाला, "सावंत, पंधरा-वीस दिवसांमागे तो पिसाळलेला कुत्रा फाटकाशी आलेला, त्याच्याशी हाच झगडलेला ना?"

झगडला होता. सुलतानच्या कानाला ओरखडा आला होता. दुसऱ्या दिवशी म्युनिसिपालिटीने ते गल्लीतलं कुत्रं मारून नेलं. मी सुलतानच्या कानाला हळद लावली आणि कोणाला काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर सुलतानलाही नेलं असतं. ती हळद आठवली आणि मी डोक्याचा टॉवेल सोडून दंडाला गुंडाळला.

भिकाजीने काठीने ढकलत सुलतानला रद्दी कापसाच्या खोलीत घातलं आणि गजांचं दार लावलं.

सुया

सुयांचं सांगून टाकतो, कारण लोक त्यालाच जास्त घाबरतात. सकाळी ओळ लागते. सदरा वर धरून सगळे उभे. नर्सबाई म्हणतात, "आज डावीकडे, उद्या उजवीकडे." सुई लांब असते. औषध आत जाताना पोटात आग पडते आणि संध्याकाळपर्यंत तिथे आवळ्याएवढी गाठ येते. दुखतं, पण सोसतं. घरी गरम कपड्याने शेकायचं. मला तापही आला, कणकण होती, पण तेवढंच. सुया माणसाला हरवत नाहीत. दोन सुयांच्या मधला दिवस जड जातो.

ओळीत माझ्यापुढे वैद्य नावाचे एक गृहस्थ असायचे. हिंदमाताला साड्यांच्या दुकानात होते. त्यांना चावलेलं कुत्रं गल्लीतलं, चावलं आणि पसार झालं. त्यांची बारावी सुई होती. मला म्हणाले, "तुमचं कुत्रं आहे तरी. मी दुकानातून सुटलो की रोज ती गल्ली फिरतो, कुठं दिसतंय का म्हणून. दिसलं तर पाया पडेन त्याच्या."

आम्ही दोघे हसलो. मग ते सदरा खाली सोडायचा विसरून तसेच उभे राहिले.

पाणी

त्या आजारात काय होतं ते मला माहीत नव्हतं असं नाही. गावी लहानपणी एक गडी बघितला होता. तांब्या समोर आणला की तो भिंतीकडे तोंड करायचा. मला अठ्ठेचाळीस खोल्यांच्या चाळीत दुसरं काही दिसेना, फक्त पाणी दिसायचं. नळावरच्या बादल्या, मोरीतला हंडा, सुमनच्या हातातला पेला. सुमन माझी मुलगी, पाच वर्षांची. पेला तोंडाला लावला की मी थांबायचो. घसा आवळतोय का? गिळताना अडकलं का? जो माणूस असा घोट मोजतो त्याचा घसा आवळतोच. दुसऱ्या दिवसापासून मी डोळे मिटून पाणी प्यायला लागलो.

 माझ्या आईने सुमनला माझ्याजवळ झोपू दिलं नाही. माझा पेला वेगळा ठेवला. मला समजत होतं, पण तो वेगळा पेला बघून आतून काहीतरी तुटायचं. आईचं एकच चालू होतं. "झिला, गावाक चल. भगत मुळी देता. हे सुयो टोचून टोचून मारतले तुका."

मी आईवर खेकसलो. आयुष्यात पहिल्यांदा. ती पदर तोंडाला लावून गॅलरीत जाऊन बसली आणि मी माफीही मागितली नाही. भीती माणसाला वाईट करते, हे मी माझ्यावरून सांगतो.

सुमनची आई मात्र शांत होती. पोट शेकता शेकता म्हणाली, "तुमी सोड म्हटलास आणि तेना सोडल्यान मा? मग? पिसाळलेला कुत्रा कोणाचा ऐकता काय?"

"तुला काय कळतं कुत्र्यातलं," मी म्हटलं. तिने फडकं परत गरम पाण्यात बुडवलं आणि पिळून पोटावर ठेवलं.

तिसरा दिवस

पहिल्या संध्याकाळी भिकाजीने निरोप दिला होता, सुलतान जेवला नाही. मी म्हटलं, परक्याच्या हातचं खाणार नाही, राहू दे, भूक लागली की बघू. दुसऱ्या दिवशीही तेच. दवाखाना सोडला तर मी तापात घरीच पडून होतो. तिसऱ्या दिवशी संचारबंदी दुपारची उठली होती. भिकाजी पाळी संपवून सरळ आमच्या खोलीवर आला आणि उंबऱ्यातच उभा राहिला.

"सावंत, तुझा सुलतान गेला बघ."

"मेला?"

"मेला नाही. पाणी पीत नाही. ताटली नाकासमोर आहे, बघतो आणि मान फिरवतो. कालपासून लाळ गळतेय. गज चावतोय." तो माझ्याकडे बघत नव्हता. "भुकेलं जनावर दोन दिवसांनी कोणाच्याही हातचं खातं रे. आणि पाणी? पाण्याला कसला परका हात? साहेब चार वाजता बंदूक घेऊन येणार आहे."

आई गॅलरीतून आत आली. सगळं ऐकलं होतं तिने. सुमनला उचलून ती शेजारच्या खोलीत निघून गेली.

मी खाटेवर बसलो. खोटं कशाला सांगू, त्या वेळी मला सुलतानची दया आली नाही. मला माझा मृत्यू दिसला. भिंतीकडे तोंड केलेला गावचा तो गडी दिसला आणि त्याच्या जागी मी. सुमनला कुठं ठेवतील, मला कशाने बांधतील, सगळं बघून झालं माझं. भिकाजी कधी गेला तेही कळलं नाही.

सुमनची आई पाणी घेऊन आली. माझा वेगळा पेला नव्हे, घरातला सगळ्यांचा. मी हात पुढे केला नाही. ती तशीच उभी राहिली.

"घेवा," ती म्हणाली. "मी घेवा म्हणतंय मा? घेवा."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. कारण मला माझंच तोंड आठवलं. रोज दोन वेळा, दोन वर्षं, ताटली ठेवायची आणि म्हणायचं, 'घे'. घासाला घे आणि पाण्यालाही घे. बाजूच्या एका गिरणीत चोरांनी कुत्र्याच्या पाण्यात विष कालवलं होतं, ते ऐकून मी सुलतानला पाणीसुद्धा शब्दाशिवाय न घेण्याची सवय लावली होती. महिनाभर घोटून घेतलं होतं. पुढे ते इतकं अंगवळणी पडलं की ताटली ठेवताना आपण काही बोलतो, हे माझ्याच लक्षात राहिलं नव्हतं. भिकाजीला सांगितलंच नव्हतं. कोणालाच नव्हतं. त्याला कशाला सांगायचं, मी तर रोज आहेच, असा माझा तोरा.

शिकवणारा विसरला होता. शिकलेला विसरला नव्हता. तो भरल्या ताटलीसमोर तीन दिवस माझ्या एका शब्दाची वाट बघत बसला होता.

निदान मला तसं वाटत होतं.

गजांच्या अलीकडे

कारण दुसरंही खरं असू शकत होतं. तो खरंच पिसाळलेला असेल तरीही पाणी पिणार नाही. दोन्हींत फरक एवढाच, की मी 'घे' म्हटल्यावर काय होतं. आणि मी म्हटलं आणि तो नाही प्यायला, तर? मग मला काही विचारायचं राहणार नव्हतं. ज्यांनी हे भोगलंय त्यांना कळेल, अशा वेळी माहीत नसण्यातही थोडा आसरा असतो. गिरणीपर्यंतचा रस्ता दहा मिनिटांचा. मी दोनदा परत फिरायला लागलो आणि सुमनच्या आईने दोन्ही वेळा माझी बाही धरली. मी खाकी कोट घातला होता. दगड आला तर येऊ दे म्हटलं. आला नाही.

फाटकात साहेब होता. बंदूक अजून खोळीत होती.

"सावंत, वो पागल हो गया है," साहेब म्हणाला. "तू दूर रह."

"साहेब, पाच मिनिटं द्या. नाही प्यायला तर मीच बाजूला होतो."

सुमनच्या आईला फाटकाशी ठेवून मी आत गेलो. रद्दी कापसाच्या खोलीत वास कोंडला होता. सुलतान दारालाच तोंड करून पडला होता. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी. गजांच्या आत एक नाही, तीन ताटल्या पाणी. बाजूला मटणाचे तुकडे, त्यांना मुंग्या लागलेल्या. भिकाजीने जीव लावून आणले होते बिचाऱ्याने. आणि त्या तुकड्यांसमोर पडलेल्या जनावराच्या तोंडाला लाळेची तार. दोन दिवस नाकासमोर मटण असेल आणि खायचं नसेल तर लाळ गळणार नाही तर काय होईल? हे मला दिसलं, पण विश्वास बसला नाही. डोळ्यांना हवं ते दिसतं, याची मला भीती होती.

त्याने मला बघितलं. उठला. पाय थरथरत होते. शेपूट एकदा हलली. मग तो पाण्याच्या ताटलीजवळ जाऊन बसला आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागला.

मी तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. घसा आवळला. खरंच आवळला. गिळायला गेलो तर गिळता येईना, आणि माझ्या मनात आलं, हेच ते, आता मलाच झालं. मी गज धरले.  तो बघतोय आणि मी बघतोय आणि मधे पाणी.

"घे," मी म्हटलं. ते माझं मलाच ऐकू आलं नाही. त्याचा एक कान हलला.

"घे, बाबा."

त्याने मान खाली घातली आणि प्यायला लागला. लप लप लप. पहिली ताटली, मग दुसरी. अर्धं पाणी फरशीवर सांडलं, ते चाटलं. मी जमिनीवर बसलो आणि ढसाढसा रडलो. मागे साहेब उभा होता, भिकाजी होता, मला कोणाची लाज वाटली नाही.

थोड्या वेळाने भिकाजी म्हणाला, "सावंत, एवढंच होतं तर सांगायचं नाही का रे?"

 त्यानेच मला पाणी आणून दिलं आणि ते मी डोळे उघडे ठेवून प्यायलो.

दहावा दिवस

पुढचे सात दिवस भीती गेली असं समजू नका. डॉक्टर म्हणाले, पाणी प्यायला हे चांगलं, पण दहा म्हणजे दहा. मी सकाळी सुई घ्यायचो आणि तिथून गिरणीत जायचो. सुलतान गजांतून हात चाटायचा आणि मी मोजायचो, चार, पाच, सहा. घरी आलो की आईशी गोड बोलायचो. ती अजून थोडी रुसलेली होती, पण सातव्या दिवशी तिने सुमनला माझ्या मांडीवर आणून बसवलं आणि चुलीकडे गेली.

दहाव्या सकाळी डॉक्टरांनी परत तेच विचारलं. "कुत्रं जिवंत आहे का?"

"आहे," मी म्हटलं. "दोन वेळा जेवतं."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि सदरा खाली सोडा म्हणाले. वैद्य ओळीत यायचे कधीच थांबले होते, त्यांच्या सुया संपल्या असणार. त्यांचं काय झालं मला अजून माहीत नाही. हिंदमातावरून जाताना मी त्या दुकानाच्या पायऱ्यांपर्यंत जातो आणि परत फिरतो. विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.

साहेब आता पाहुण्यांना सुलतान दाखवतो तेव्हा हीच गोष्ट रंगवून सांगतो, तहानेने मेला असता पण शब्द मोडला नसता म्हणून. पाहुणे वाहवा करतात. मला ते ऐकवत नाही. तो खरंच मेला असता. भरल्या ताटलीसमोर, माझ्या तोऱ्यापायी.

म्हणून परत कामावर रुजू झाल्यावर मी पहिली गोष्ट ही केली. दर संध्याकाळी सुमनच्या आईला गिरणीत बोलावलं. तिने ताटली ठेवायची, तिने 'घे' म्हणायचं. सुलतान तिच्याकडे बघायचा, मग माझ्याकडे, आणि बसून राहायचा. मी मान हलवली की प्यायचा. असं महिनाभर चाललं. मग मला कळलं की मी समोर आहे तोवर तो हे शिकणार नाही.

परवा मी गोदामाच्या भिंतीआड जाऊन उभा राहिलो. तिथून मला काही दिसत नव्हतं. ताटली ठेवल्याचा आवाज आला.

"घे रे," ती म्हणाली.

काहीच नाही. मी नसल्यावर हे असंच असेल, तेव्हाही ती अशीच ताटली घेऊन उभी असेल, असं मनात आलं. पुढे होऊन मान हलवावी असं फार वाटलं. मी भिंतीला पाठ लावून तिथंच उभा राहिलो.

"घे रे बाबा. आता माझ्या हातचा घे."

बराच वेळ गेला. आणि मग भिंतीपलीकडून ऐकू आलं, लप लप लप.